यादीतला पहिला नग

मी कुत्रं पाळलेलं नव्हतं. ते माझ्याकडे सरकारी कामात आलं. हे मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगतो आहे, पण आमच्या गल्लीला "क्लार्कानं कुत्रं पाळलं आणि दुष्काळात हाकललं" एवढंच आठवतं. म्हणून एकदा सविस्तर खुलासा करणं भाग आहे. खुलासे लिहिण्याची मला सवय आहे. तीस वर्षांच्या नोकरीत मी दुसरं फारसं काही लिहिलेलंही नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची ही हकिगत. जिल्हा झाला म्हणून आम्ही पेढे वाटले, आणि पुढच्या पावसाळ्यापासून पाऊस गायब झाला. वाटणीत पाऊस उस्मानाबादेच्या वाट्याला गेला, असं आमचे लोक म्हणत. उस्मानाबादेचे लोक तो लातूरला गेला असं म्हणत. कागदोपत्री तो दोन्हीकडे नव्हता. नळ आठ दिवसांनी येई, तोही आल्याची बातमी देऊन जाई, आणि बाकी सगळा कारभार टँकरवर चाले.

आमचं खातं कोणतं हे मी सांगणार नाही. खात्याला माझी लाज वाटलेली आहे आणि मला खात्याची, तेवढी फिटंफाट पुरे. तर जुन्या जिल्ह्यातून आमच्या खात्याच्या वाट्याचं सामान ट्रकने यायचं होतं. टेबलं, कपाटं, खुर्च्या, आणि लाल फडक्यात बांधलेली निजामाच्या काळापासूनची दप्तरं. यादीत एकूण नग दोनशे बारा. ते मोजून ताब्यात घेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सर्वांत कनिष्ठ होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं.

सामान उतरवायला हमाल हवे होते. माझे घरमालक सिद्रामप्पा यांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान होतं. दुष्काळामुळे मोंढ्यात माल नव्हता, हमाल नुसते पोत्यांवर बसून होते. मालकांनी त्यांचा मुकादम बसवंत आणि चार माणसं पाठवून दिली. इथेच घोळ झाला, पण तो कळायला आठ दिवस लागले.

आता मोंढ्याची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. तिथे धान्याचं माप घालताना कुणी 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. बसवंत चाळीस वर्षं तसंच मोजत आलेला. मी लिंबाच्या सावलीत खोक्यावर बसलो होतो, मांडीवर यादी होती आणि नजर यादीत होती. ट्रककडे पाहण्याची मला गरज वाटली नाही. बसवंताचा आवाज खणखणीत होता, तो आकडा सांगे आणि मी खूण करी. "लाभ," तो म्हणाला. मी पहिल्या नगावर खूण केली. "दोन... तीन..." असं करत दुपारी तीन वाजता तो "दोनशे बारा" म्हणाला आणि कपाळाचा घाम पुसून खाली बसला. मी यादीखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'यादीप्रमाणे सर्व नग सुस्थितीत मिळाले', आणि सही ठोकली.

आठ दिवसांनी साहेबांनी विचारलं, "माझी खुर्ची कुठंय?"

यादीतला पहिलाच नग होता: 'खुर्ची, लाकडी, हातांची, वेताच्या बैठकीची, साहेबांकरिता'. ती खुर्ची कुठेच नव्हती. आम्ही सगळं पुन्हा मोजलं. दोनशे अकरा. भांडारपाल व्यंकटराव हे निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले गृहस्थ होते. आपल्या हातून काही घडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी बसवंताला बोलावून घेतलं.

"पहिलं काय उतरिवलं रे ट्रकातून?"

"कुत्रं," बसवंत म्हणाला.

व्यंकटरावांनी हातातली लेखणी खाली ठेवली.

"फळी पाडली तर म्होरंच बसलेलं हुतं, सायब. दप्तरावर. उचलून खाली ठिवलं. पहिलं हाताला आलं, जितं जनावर, म्हणलो लाभ."

"आरं, पण कुत्र्याला लाभ?"

"तोंडातून गेला की गेला, सायब. लाभ म्हणल्यावर माप मोडत न्हाई. मोडणाराचं चांगलं हुत न्हाई."

व्यंकटरावांनी बराच वेळ यादीकडे पाहिलं, मग माझ्या सहीकडे, मग दारात बसलेल्या त्या कुत्र्याकडे. कुत्री होती. तांबूस रंग, डावा कान फाटका, आणि कुणाकडेही फार अपेक्षा न ठेवता पाहायची. ट्रक आल्या दिवसापासून ती कचेरीच्या दारातच होती. "सही तुमची हाय," व्यंकटराव मला म्हणाले. "खुर्ची सापडंस्तोवर खुर्चीच्या जागी हेच समजा. तपासणी होईल तव्हा बघू. तंवर जपा, हरवू नका." साहेब हात नसलेल्या खुर्चीवर बसू लागले. बोलताना हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. ते माझ्याकडे पाहून पोटावर ठेवत.

जपायचं म्हणजे घरी न्यावं लागलं. माझी बायको गौरम्मा हिने सगळं ऐकून घेतलं, नग बारकाईने पाहिला, आणि तिचं नाव लाभा ठेवलं. मी सांगून पाहिलं की सरकारी मालमत्तेला नाव ठेवता येत नाही. तोपर्यंत लाभा भाकरी खाऊन उंबऱ्यात झोपलेली होती. पुढच्या महिनाभरात ती मला कचेरीत पोचवू लागली आणि पाच वाजता न्यायला येऊ लागली. मला आयुष्यात इतक्या नियमाने कुणी न्यायला आलेलं नाही. मी वरवर कुरकूर करत असे, पण पावणेपाचपासून माझं लक्ष दारात असे.

सिद्रामप्पा माडीवर राहत, आम्ही खाली. माणूस कनवाळू होता, शिवपूजा केल्याशिवाय पाणी तोंडात घालत नसे. पण त्या वर्षी पाण्याने सगळ्यांचीच मनं आखडून टाकली होती. अंगणातल्या आडाला तळाशी हातभर पाणी होतं आणि त्यावर मालकांची नजर होती. एके सकाळी लाभा तांब्यातून पीत असताना ते माडीच्या कठड्यावरून वाकून म्हणाले, "विरूपाक्षअप्पा, कुत्रं पाणी पितंय."

मी म्हणालो, "हो, मालक."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "विरूपाक्षअप्पा, कुत्रं पाणी पितंय." त्यांच्या आवाजात राग नसे. एखाद्याच्या घरात विंचू दिसला तर त्याला सांगावं, तसं ते सांगत. आता कुत्रं पाणी पितं यात माझा काही अपराध नव्हता, पण आठवडाभराने मलाच अपराध्यासारखं वाटू लागलं.

त्यात मी एक उपद्व्याप करून ठेवला. लोकांनी दावणीची जनावरं सोडून दिली होती, ती गावात हिंडत. दारात येऊन उभी राहत, काही मागत नसत. मला ते पाहवेना. परसात एक जुनी दगडी डोणी होती, ती मी रस्त्याकडेला ओढून ठेवली. तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, आंघोळीनंतर बादलीत उरलेलं, असं जे जे आमच्या वाट्यातून वाचेल ते मी तीत ओतू लागलो. पहिल्या दिवशी एक वासरू आलं. चौथ्या दिवशी दोन गाई, एक गाढव, आणि सहा कुत्री, त्यांत एक लंगडं. ही बातमी जनावरांमध्ये कशी पसरते यावर अभ्यास व्हायला पाहिजे. आमच्या कचेरीतून निघालेलं परिपत्रक शेजारच्या खोलीत पोचायला महिना लागतो.

सिद्रामप्पांनी दहा दिवस कठड्यावरून हा पाणवठा पाहिला. मग ते खाली आले. "हे बगा अप्पा, रस्त्यावरल्याचं मी बोलत न्हाई, ते पुण्य तुमचं. पर घरात पाणी पिणारं कुत्रं नको. अमुशापर्यंत बगा. न्हाईतर तुमाला दुसरी खोली बगावी लागंल." एवढं बोलून ते वळले. त्यांनाही ते बोलणं आवडलेलं नव्हतं, हे त्यांच्या चालीवरून कळलं. लातूर नवा जिल्हा झालेला, सगळीकडे नवे नोकरदार आलेले, खोली मिळणं म्हणजे देव भेटणं. अमावास्येला बारा दिवस होते.

बातमी फुटताच सल्ले आले. समोरच्या खाजामियाँचं जिल्दसाजीचं दुकान होतं. साऱ्या कचेऱ्यांची रजिस्टरं तेच बांधत, त्यामुळे कोणत्या खात्यात काय चाललंय हे त्यांना साहेबांच्या आधी कळे. ते म्हणाले, "सायब, इसमें क्या है! हैदराबादच्या गाडीत बसवून द्यायचं. जिथं उतरंल तिथं त्येचं नशीब."

"आणि हरवली तर?"

"हरवायलाच तर देऊन राहिलेत."

कुणी म्हणालं मांजरा नदीपलीकडे सोडा, कुणी म्हणालं पोत्यात घालून सोडा म्हणजे वाट कळत नाही. हे सगळे चांगले लोक होते. मुंगीला साखर घालणारे. मी मात्र ठरवलं की लाभाला रस्त्यावर सोडायचं नाही. तिच्यासाठी घर पाहायचं, नीट चौकशी करून. मी एका कागदावर अटी लिहून काढल्या: एक, घरी स्वतःचं पाणी असावं. दोन, दिवसा बांधून ठेवू नये. तीन, आजारी पडल्यास ढोरांच्या दवाखान्यात न्यावं. चार, कोणत्याही परिस्थितीत सोडून देऊ नये, न झेपल्यास मला कळवावं. खाली सहीसाठी जागा ठेवली आणि दोन नकला केल्या.

पहिलं स्थळ एका शाळामास्तरांचं आलं. ते येऊन खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि लाभाला चालवून दाखवायला सांगितलं. मग विचारलं, "जात कोणती?"

"गावठी."

"तसं नव्हं. आधी कोणाच्या घरचं खायची?"

मी म्हणालो, सरकारच्या. मास्तर विचारात पडले आणि घरी विचारून कळवतो म्हणून गेले. ते अजून घरी विचारत आहेत.

दुसरं स्थळ माझ्या साडूंचं, इस्लापूरचं. त्यांचं कार्ड आलं की इकडे सहस्रकुंडाचा धबधबा आहे, दुष्काळातसुद्धा डोहात पाणी असतं, कुत्रं खुशाल पाठवा. मी हरखलो. व्यंकटरावांना सांगितलं तर ते खुर्चीतून अर्धे उठले. "इस्लापूर? म्हंजे नांदेड जिल्हा! जिल्ह्याबाहेर नग नेता येत न्हाई. विभागीय मंजुरी लागती. आत्ताच तर वाटणी झाली, परत दुसऱ्या जिल्ह्याला द्यायचं म्हणलं तर वर काय सांगू?" मी म्हणालो, कुत्रं आहे ते. ते म्हणाले, "तुमच्यासाठी कुत्रं. कागदावर हातांची खुर्ची हाय."

शेवटी गौरम्माची मावशी उरली. नीलाबाई जिल्ह्यातच, चाकूरच्या शिवारात मळ्यात एकटी राहत असे. तिच्या विहिरीला त्या वर्षीही पाणी होतं, याबद्दल सासरच्या गोतावळ्यात आदर आणि द्वेष दोन्ही होते. घर पाहिल्याशिवाय द्यायचं नाही, म्हणून मी लाभाला बरोबरच घेऊन निघालो. पसंत पडलं नाही तर परत आणू, असा बेत.

एसटीत कंडक्टरने अडवलं. "हे काय हाय?"

मी सरकारी माणूस, खोटं बोलता येत नाही. सगळं सांगितलं. ट्रक, लाभ, यादी.

"म्हंजे खुर्ची हाय?"

"कागदोपत्री."

"खुर्ची असंल तर टपावर ठिवा."

मी पुन्हा पहिल्यापासून समजावू लागलो, तेव्हा मागच्या बाकावरची एक बाई ओरडली, "आरं, घे की ते कुत्रं आत, दिस मावळायला लागला!" लाभा त्या बाईच्या पायाशी जाऊन बसली. चाकूरपर्यंत ती बाई तिच्याशीच बोलत होती. माझ्याशी कुणी बोललं नाही.

नीलाबाईने जावई आला म्हणून पाट मांडला, गूळपाणी दिलं. मी खिशातून अटी काढल्या आणि घसा साफ केला. तिने कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवून दिला.

"जावईबापू, मी इच्यारते ते सांगा. चावती का?"

"नाही."

"किती पाणी पिती?"

"दिवसाला एक तांब्या. उन्हात दीड."

"आन् एका तांब्यापायी काढून राहिलात?"

मी म्हणालो, घर मालकाचं आहे. तिने नुसतं "हं" केलं. त्या "हं"पुढे माझ्या चारही अटी पातळ झाल्या. मी तपासायला आलो होतो, आणि तपासणी माझीच झाली. नीलाबाई उठली, रहाटावरून ताजी बादली ओढली, आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत सगळी लाभापुढे ठेवली. लाभाने माझ्याकडे पाहिलं. इतकं पाणी तिने आमच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग ती प्यायला लागली आणि किती तरी वेळ पीत राहिली.

मी निघालो तेव्हा ती बांधापर्यंत आली. नीलाबाईने मागून हाक मारली, ती थांबली, पण परत वळली नाही, तिथेच उभी राहिली. मी मागे पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि तीन वेळा पाहिलं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. परत येताना बसमध्ये रिकामी जागा भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने गौरम्माने तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवला, मग तिच्या लक्षात आलं, आणि ती आत निघून गेली. मी तो डोणीत ओतला. संध्याकाळी पाच वाजता कचेरीच्या पायऱ्या उतरलो तर समोर कुणी नव्हतं. हे अपेक्षितच होतं, तरी मी थोडा वेळ उभा राहिलो.

पंधरा दिवसांनी एका सकाळी सिद्रामप्पा खाली आले. उपरणं विस्कटलेलं, कपाळाची विभूती अर्धीच लावलेली. मागे बसवंत मान खाली घालून उभा.

"अप्पा, ह्यो म्हणतो ते खरं हाय का? त्या कुत्र्यावर लाभ म्हणला हुता?"

मी म्हणालो, खरं आहे, म्हणूनच तर तिचं नाव लाभा. मालक ओट्यावर बसले. नावाचं त्यांना माहीत होतं, पण गौरम्माने कौतुकाने ठेवलं असेल असं त्यांना वाटलेलं. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. कुत्रं गेलं त्या आठवड्यात टँकरचा आस तुटला. दुसऱ्या आठवड्यात आडाचं उरलंसुरलं पाणीही आटलं, आता नुसता गाळ येत होता. परवा जिन्यावरून पाय घसरला. "लाभ म्हणलेलं माप, आन् ते मी माज्या तोंडानं घराबाहेर काढलो. वरून बगून बगून काढलो. माज्या बापानं असं कदी केलं नसतं."

टँकरचा आस त्याआधीही दोनदा तुटला होता आणि जिन्याची ती पायरी तीन वर्षं हलत होती. पण मी ते बोललो नाही. माझ्या मनात एकच गोष्ट आली, की लाभा परत येणार. मला इतका आनंद झाला की मी मालकांच्या दुःखात सहभागी असल्याचा चेहरा जेमतेम करू शकलो.

योगायोगाने त्याच दिवशी कचेरीत पत्र आलं होतं. वाटणीच्या मालमत्तेची तपासणी होणार, पुढच्या सोमवारी, प्रत्येक नग प्रत्यक्ष दाखवावा. व्यंकटरावांना दरदरून घाम फुटला. खाजामियाँनी आपणहून उपाय सुचवला: "सायब, जिल्द मी बांधली, मीच खोलतो. पहिलं पान निघंल, किसी को पता नै चलेगा." मी नकार दिला. नोकरीत मी मोठा झालो नाही, पण रजिस्टराचं पान कधी फाडलं नाही. शिवाय आता गरजच नव्हती, नग परत येणार होता.

सिद्रामप्पांनी जीप केली. बरोबर नवाकोरा पितळेचा तांब्या घेतला, लाभासाठी. वाटेत ते एकदाच बोलले, "येईल ना हो?"

"माझ्याशिवाय तिला करमत नसेल," मी म्हणालो.

मळ्यात लाभा विहिरीच्या कडेला लिंबाखाली बसलेली होती. अंग भरलेलं, कातडी चकाकणारी. मला पाहून ती धावत आली, शेपूट हलवली, माझा हात हुंगला, चाटला. माझे डोळे भरून आले. मग ती वळली आणि परत जाऊन नीलाबाईच्या पायाशी बसली. मी हाक मारली. तिने तिथूनच शेपूट हलवली. ओळख होती, प्रेमही होतं, पण यायचा विचार दिसत नव्हता.

सिद्रामप्पांनी नीलाबाईपुढे हात जोडले. सगळं कबूल केलं, काही लपवलं नाही. तांब्या पुढे केला.

"मालक," नीलाबाई म्हणाली, "तुमी मोंढ्यातले, तुमाला मी काय सांगावं? ही आली त्या दिशी मी पहिली बादली हिच्याम्होरं ठिवली आन् म्हणले, लाभ. माज्या घरचं माप हिच्यापासून सुरू झालं. आता मोडू का?"

सिद्रामप्पांनी मान डोलावली. ही भाषा त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळत होती.

"तुमी एका तांब्यासाठी काढली, आन् आता लाभासाठी न्यायला आलात. तिच्यासाठी कुणी आलंय का?" मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला. "जावईबापू आले आसतील. व्हय. पर त्यांस्नी तव्हाच बोलायचं हुतं."

तीस वर्षांच्या नोकरीत तेवढा एकच खुलासा मी लिहू शकलेलो नाही.

"लाभ पायजे तर तुमच्या दारात डोणीवर येतात म्हणं की लई जण," नीलाबाई म्हणाली. "त्यातल्या येखाद्यावर म्हणा. तोंड तुमचंच हाय." आणि तिने तो पितळेचा तांब्या मालकांच्या हातात परत दिला. परतीच्या वाटेवर मालकांनी तांब्या मांडीवर धरला होता.

सोमवारी तपासणी अधिकारी आले. बारीक, गप्प माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी यादी उघडली. "नग एक. हातांची खुर्ची."

मी अकरा पानांचा खुलासा पुढे ठेवला. व्यंकटराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अधिकाऱ्यांनी अकराही पानं वाचली, मधूनच एक पान मागे जाऊन पुन्हा वाचलं. बहुधा एसटीचं. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"हा नग सध्या कुठं आहे?"

"चाकूरच्या शिवारात, साहेब."

"सुस्थितीत?"

"उत्तम. इथं होती त्यापेक्षा चांगल्या स्थितीत."

"परत मिळण्याची शक्यता?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. अजून वाटत होतं की 'प्रयत्न चालू आहेत' असं म्हणावं. आमच्या खात्यात तेच म्हणतात, आणि त्यावर वर्षानुवर्षं निघतात. पण बादलीपुढे मान घालून पाणी पिणारी लाभा मला दिसली.

"नाही," मी म्हणालो. "आणि परत मागवूही नये, साहेब."

"मग तसं लिहा. अक्षर तुमचं चांगलं आहे."

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'नग सुस्थितीत. कायमस्वरूपी वर्ग. परत मागवण्याची आवश्यकता नाही.' अक्षर कुठे चुकलं नाही. त्यांनी खाली सही केली आणि "नग दोन" म्हणाले. ती खुर्ची कुठे गेली हे आजतागायत कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलेलंही नाही.

घरी आलो तर गौरम्माने नुकतंच तांदळाचं धुवण बादलीत काढून ठेवलं होतं. मी ते डोणीत ओतलं. गाई येऊन गेल्या, वासरू येऊन गेलं. शेवटी ते लंगडं कुत्रं आलं. रोज ते सगळ्यांच्या मागून यायचं आणि तळाशी राहिलेलं चाटून जायचं. त्या दिवशी डोणी कोरडी झालेली होती. त्याने एकदा चाटून पाहिलं आणि ते माझ्याकडे पाहत उभं राहिलं. मी आत गेलो, उंबऱ्यातला आमचा पिण्याचा तांब्या आणला आणि त्याच्यापुढे धरला. ते प्यायला लागलं. पीत पीत फाटकाच्या आत आलं. आता काय होणार ते मला माहीत होतं. पण या वेळी बोलायचं असं मी ठरवलं होतं, वाक्यही तयार होतं.

वरून कठड्यावर आवाज आला. "विरूपाक्षअप्पा, कुत्रं पाणी पितंय."

मी मान वर केली. "हो मालक, पितंय. आणि ते इथंच राहणार आहे."

सिद्रामप्पा कठड्यावरून दिसेनासे झाले. जिन्यावर पावलं वाजली, दुखऱ्या पायाची, एकेक पायरी धरत. ते खाली आले. हातात तो नवाकोरा पितळेचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. त्यांनी गुडघ्यावर हात टेकून तो कुत्र्यापुढे ठेवला, इकडेतिकडे कुणी पाहत नाही याची खात्री केली, आणि हळूच म्हणाले, "लाभ."